पीटरची एक्केचाळीस मुलं

१९५३ साली वसईजवळच्या पाचूबंदर कोळीवाड्यातल्या बालकल्याण केंद्राविषयी आईबापांचं मत विचारायला सरकारी कचेरीनं मला पाठवलं. सोबत छापील फॉर्म आणि सूचना : गोड बोलावे. मी इतकं गोड बोललो की पहिल्याच घरात माझा संशय आला.

ते घर सालोमीचं. तिची रिटा दोन वर्षांची, उचलून घेतली तर हाडं टोचतील अशी. केंद्रातलं दूध अशाच पोरांसाठी होतं.

"केंद्र कसं वाटतं, बाय?"

"बेस."

"दूध?"

"बेस."

"रंग कसा असतो?"

ती थबकली. "पांढरा. सरकार निलं देते काय?"

मी दुधाचं कार्ड मागितलं. वर्षभरात त्यावर एकही खूण नव्हती.

तिनं रिटाला पदराआड ओढलं. "तुला कोनी धाडला? पोरीला आश्रमात नेनार ना? सांगशील, आयशीला पोर सांभालत नाय."

"नाही हो."

"मंग बूट कशाला घातलंस?"

मी बूट काढून बसलो. तेव्हा कुठे ती बोलली. केंद्र नऊ ते अकरा उघडं, आणि पोराला आईनंच आणायचं असा नियम. त्या वेळी गावच्या झाडून सगळ्या आया वसईच्या बाजारात मासळी विकायला बसलेल्या.

"तवा गावात निस्ते म्हातारे आनि मांजरी."

"मग दूध मांजरी पितात?"

"त्यांना कार्ड नाय."

"हे लिहितो मी."

"आमचं नाव टाकशील?"

"टाकावंच लागतं."

"मंग सगलं बेस हाय."

मी फॉर्म मिटू लागलो. तिनं रिटाच्या हाताकडे पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत सरकली होती.

"लिव," ती म्हणाली. "बापाचं नाव पीटर. धंदा मासेमारी. राहनार चर्चात."

"संत पीटर?"

"संत लिवू नको. वलखतील."

मी पुढच्या घरी पोचण्याआधी ही युक्ती पोचली होती. संध्याकाळपर्यंत पीटरला एक्केचाळीस मुलं झाली, सगळी अशक्त, आणि प्रत्येक फॉर्मवर तक्रार एकच : सकाळी आईला सवड नाही.

साहेबांनी फॉर्म दोनदा चाळले. "हा माणूस खरा आहे ना?"

"फार जुना आहे, साहेब. सगळे ओळखतात."

"एक्केचाळीस! याच्या घरी सकाळी कुणाला सवड असणार?"

केंद्राची वेळ दुपारी चार झाली. खाली शेरा : सदर इसमास कुटुंब मर्यादित ठेवण्याची समज द्यावी.

पहिल्या दिवशी एक्केचाळीस आया रांगेत उभ्या राहिल्या आणि कुणीच पुढे होईना. शेवटी सालोमीनं पेला घेतला नि माझ्यापुढे धरला.

"तू पी आदी."

एक घोट प्यालो. तिनं मासळीचा ताजेपणा बघतात तसे माझे डोळे उघडून बघितले. बराच वेळ. मग पेला रिटाच्या तोंडाला लावला.

रिटानं तो रिकामा करून पुढे केला. केंद्राच्या बाईंनी पुन्हा भरला.

"एवढं देतात," सालोमी मला हळूच म्हणाली, "म्हंजे यांच्या मनात कायतरी हाय."

पण पेला तिनं रिटाच्या तोंडापासून हलू दिला नाही.