बॉनेटचा लाल

"हा पिंपासारखा उभा आहे ना, तो स्मोकर. मंद धुरावर चार-पाच तास मांस शिजत राहतं. आणि ही झाकणाची साधी कोळशाची शेगडी. पहिलीच घेताय ना? मग हीच घ्या," दुकानदार म्हणाला. "घरात माणसं किती?"

"तीन. पण साडूकडे आहे त्याहून मोठी पाहिजे."

दुकानदाराने नुसती मान डोलावली. असली गिऱ्हाइकं त्याला नवी नव्हती.

हे गिऱ्हाईक गॅरेजात गाड्यांना रंग मारायचं, म्हणून अख्खी गल्ली त्याला पेंटर म्हणायची. पेंटरने दुकानातली सगळ्यात मोठी शेगडी उचलली. तिच्यात एकच खोट होती. साडूच्या शेगडीसारखीच तीही काळी होती.

साडू दोन गल्ल्या सोडून राहायचा. दर रविवारी त्याच्या परसात कोळसे फुलायचे आणि पेंटरची लेक चिमणी सकाळीच तिकडे पळायची. मग घरी आल्यावर काकांनी चिमटा धरायला दिला, काकांनी झाकण उघडू दिलं, काका असे आणि काका तसे. दमून बापाच्या मांडीवर डोकं टेकलं, की तिच्या केसांना साडूच्या धुराचा वास यायचा. पेंटरच्या पोटात दुखायचं. बरं, साडू तरी वाईट असावा! तो मेला इतका भला माणूस, की शिव्या द्यायचीही सोय नव्हती.

"कुठला रंग देऊ गं?" त्याने चिमणीला विचारलं.

"लाल! तू त्या मोठ्या गाडीला मारलास ना, तसला."

बायको म्हणाली, "अहो, आत निखारे असणार. टिकेल का रंग?"

"बॉनेटखाली काय बर्फ असतो? इंजिन एवढं तापतं, माझा रंग कधी उडालाय?"

सायलेन्सरला लावायचा, उष्णता सोसणारा रंग गॅरेजात होता. पण तोही काळाच. पेंटरने गाडीचाच लाल घेतला आणि शेगडी आतूनबाहेरून रंगवली. वर चकाकीचा हात दिला. झाकणात तोंड दिसायला लागलं.

त्या रविवारी चिमणी कुठे पळाली नाही. बापाशेजारी चिमटा घेऊन उभी राहिली. मेहुणी आली, मागून साडू आला.

"वा साडूभाऊ, हिच्यापुढे आमची म्हणजे अगदीच भंगार!"

पेंटरची छाती फुगली. त्याने कोंबडीच्या तंगड्या मांडून झाकण लावलं. थोड्या वेळाने वास आला, आणि तो कोंबडीचा नव्हता. त्याने झाकण उघडलं. आतला लाल रंग फोड येऊन सुटला होता आणि त्याचे पापुद्रे तंगड्यांवर पडले होते.

"ई, बाबा!" चिमणी म्हणाली.

साडूने पुढे होऊन हळूच शेगडीची हवा बंद केली. "पहिल्या वेळी सगळ्यांचंच होतं हो. मी तर चक्क प्लॅस्टिकची पिशवी जाळली होती."

"कधी?" मेहुणीने विचारलं.

"तू माहेरी होतीस," साडू म्हणाला आणि चिमणीला डोळा मारला. ती खुदकन हसून त्याच्या दंडाला लोंबकळली. खोटं बोलून त्याने आपली अब्रू झाकली, हे पेंटरला कळलं. त्यापेक्षा तो फिदीफिदी हसला असता तर बरं झालं असतं.

जेवण अर्थातच साडूकडे ठरलं.

"बाबा, तू पण चल ना."

"तुम्ही व्हा पुढे. ही निवू दे."

शेगडी निवली. पेंटर पॉलिश पेपर घेऊन लाल रंग घासत बसला. ऊन उतरल्यावर चिमणी परतली, हातात कागदात गुंडाळलेली तंगडी.

"काकांनी दिलीय. तू सकाळपासून उपाशी आहेस म्हणाले."

त्याला खायची नव्हती. पण पोर समोर उकिडवी बसून बघत होती. त्याने घास घेतला, मग दुसरा, मग हाडापर्यंत खाल्लं.

"कशी झालीय?"

"छान झालीय," पेंटर म्हणाला. ते खरं होतं, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं.

चिमणी तिथेच त्याच्या मांडीवर लवंडली. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. ती जागी होऊ नये म्हणून त्याने घासणं थांबवलं आणि अर्धी लाल, अर्धी काळी शेगडी बघत तसाच बसून राहिला.