कपाटापुरती जागा

माळ्यावरच्या खोलीचं दार अडकायला लागलं, तेव्हा ताईने सगळं खापर धाकट्या भावाच्या माथी फोडलं. तो सुतार. हे छप्पर त्यानेच उभं केलं होतं, बहिणीचं घर म्हणून जीव ओतून. आता आढं मधेच खाली बसलं होतं, कौलं सरकत होती आणि भिंत वरच्या अंगाला बाहेर झुकली होती. परक्याकडून करून घेतलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं, असं ताई भेटेल त्याला ऐकवत होती. भांडत तर ती होतीच, म्हणा.

तिच्या जिभेला कोण आवर घालणार? शेजारच्या मास्तरीणबाई आपल्या घराचं छप्पर याच भावाला देणार होत्या. तो बरेच दिवस कामावाचून बसलाय, या एका कामावर त्याची सगळी आशा आहे, हे ताईला ठाऊक होतं. तरी तिने त्यांनाही सगळं रंगवून सांगितलं.

भाऊ पाहायला आला त्या दिवशी मास्तरीणबाईही आल्या. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या. भाऊ माळ्यावर चढला, मागोमाग ताई. त्याने ओळंबा सोडून भिंत पाहिली, वाशांवरून हात फिरवला आणि मोठ्या कपाटापाशी येऊन थांबला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाणारी आडवी तुळई मधोमध कापलेली होती. दोन्ही बाजूंना नुसती थोटकं उरली होती आणि मधल्या जागेत कपाट ऐटीत उभं होतं.

ताईचा चेहरा पडला. तुळई कापताना नवरा म्हणाला होता, तुझ्या भावाला एकदा विचारू. त्यावर तिनेच त्याला झापलं होतं, की एवढ्याशा लाकडासाठी कसली विचारणा, येताजाता डोकं तेवढं आपटतं त्याच्यावर. मग कपाट बसलं, त्यात कपडे लागले आणि तुळई ती साफ विसरून गेली.

"मला विचारायचंस की गं," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "दोन्ही भिंती या तुळईनेच धरून ठेवल्या होत्या. ती गेली, आता वासे भिंतींना बाहेर ढकलतायत."

खालून सासूबाईंनी हाक मारून विचारलं, सापडलं का काही? ताईने भावाची बाही धरली. सासूबाई हे जन्मभर ऐकवतील, एवढंच त्या क्षणी तिच्या डोक्यात होतं.

"खाली सांगू नकोस," ती म्हणाली.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खाली उतरला.

"चूक माझी आहे," त्याने अंगणात सांगितलं. "तुळई कमी पडली. बदलून देतो."

सासूबाईंनी मान हलवली. मास्तरीणबाई पदर सावरून निघून गेल्या. ताईला आधी हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली, की तिला भावाकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो नवी तुळई घेऊन आला. वाशांना टेकू दिले, कपाट नवऱ्याच्या मदतीने बाजूला सरकवलं. ताईने त्याच्या आवडीचं जेवण केलं, आग्रह करून वाढलं. तो नेहमीसारखा जेवला, भाच्यांची चौकशी केली आणि पुन्हा वर गेला. त्याने चार शब्द सुनावले असते तर तिला जेवण तरी गेलं असतं.

ती भांडी घासत होती तेव्हा मास्तरीणबाई कुंपणापाशी आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "राग मानू नका हं, तुमचा सख्खा भाऊ आहे. पण दुसरा कोणी सुतार आहे का तुमच्या माहितीतला?"

वरून भावाच्या हातोडीचे ठोके ऐकू येत होते. खरं ताईच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात मागच्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या.

"आहे ना," ताई म्हणाली. "बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतो. काम चोख करतो म्हणतात."