वालरसाचे बूट

कोगुरेने काढलेली सात सेकंदं चित्रपटात जशीच्या तशी राहिली, एका रेषेचाही फरक न होता, आणि नेमक्या त्याच कारणाने कोगुरे मुख्य चित्रकार झाला नाही. पण असं काही झालंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ. कोगुरेही बरेच दिवस तसंच समजून चालला होता आणि त्याचं जेवणखाण, झोप, पोट, सगळं व्यवस्थित होतं.

जपानातल्या ओगिकुबो स्टेशनपासून चालत अकरा मिनिटांवर एक लॉन्ड्री आहे. तिच्या डोक्यावरच्या दोन मजल्यांत हाताने चित्रं काढून सहकुटुंब पाहायचे चित्रपट बनतात. तिथे मुख्य चित्रकार हालचालीतली महत्त्वाची चित्रं काढतो. एकात माणूस खुर्चीत बसलेला, दुसऱ्यात उभा. या दोन्हींच्या मध्ये तो माणूस गुडघ्यावर हात टेकून जे काही अवघडत उठतो, ती सगळी चित्रं कोगुरे काढायचा. पाच वर्षं झाली. नीट बसलेला किंवा नीट उभा राहिलेला माणूस त्याच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःबद्दलही त्याला याहून फार वेगळं काही सांगता आलं नसतं.

यंदाचा चित्रपट एका बाबांचा होता. हे बाबा वॉर्ड ऑफिसात दाखल्यांच्या खिडकीवर बसतात. एका मंगळवारी सकाळी ते उठतात ते वालरस होऊन. हातभर सुळे, झुपकेदार मिश्या, कमरेखाली सगळा एकच गठ्ठा आणि शेवटी वल्ह्यांसारखे दोन पंखे. तरी ते ऑफिसला जातात, कारण रजेचा अर्ज दोन दिवस आधी द्यावा लागतो. उरलेला दीड तास बायकोमुलांच्या हे लक्षात येण्यात जातो. दिग्दर्शिका ओनुकीसान (सान म्हणजे आपलं बाई, राव वगैरे) यांच्या मते त्यांनी आजवर केलेला हा सगळ्यात वास्तववादी चित्रपट होता.

ओनुकीसान त्रेसष्ट वर्षांच्या, जेमतेम टेबलाएवढ्या, आणि दिवसभर वाळवलेलं समुद्री शेवाळ चघळणाऱ्या. ऑक्टोबरात त्यांनी कोगुरेला बोलावलं.

"सहाशे बारा नंबरचा शॉट तू कर. मुख्य चित्रं. बाबा कामावरून घरी येतात, दारातून आत शिरतात. सात सेकंद. बस्स."

"बस्स?"

"बस्स म्हणजे, त्यात माणसाचा अख्खा दिवस दिसला पाहिजे."

"माणसाचा की वालरसाचा?"

"तुला फरक माहितीये?"

कोगुरेला माहीत नव्हता.

"जमलं तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या सोमवारी फळ्यावर मुख्य चित्रकारांत तुझं नाव लावते. नाही जमलं तर आहेसच तू मध्ये."

कोगुरे तिथून निघाला तो थेट छापखान्यात. नवीन वर्षाला पाठवायची पन्नास कार्डं त्याने सांगून टाकली. नावाखाली 'मुख्य चित्रकार' असं. छापखानेवाल्याने विचारलं, कधी झालात? कोगुरे म्हणाला, कार्डं येईपर्यंत होतो.

या स्टुडिओचा एक दंडक आहे. जी हालचाल काढायची, ती आधी स्वतःच्या अंगाने करून बघायची. चित्रं तपासणारे योनेयामासान एकदा बदकाच्या शॉटसाठी महिनाभर सकाळी तळ्यात पोहायला जात होते. पुढे बदक चित्रपटातून काढून टाकलं. योनेयामासान अजून जातात.

म्हणून कोगुरेने एक स्लीपिंग बॅग मिळवली, तिच्यात शिरला, चेन गळ्यापर्यंत ओढली, जेवणाच्या दोन काड्या वरच्या ओठाखाली खुपसल्या आणि आपल्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बाहेरच्या व्हरांड्यातून पोटावर सरपटत शिरला. मोबाइल बुटांच्या कपाटावर चित्रण करत उभा. पहिल्या खेपेला तो बॅगेतल्या माणसासारखा दिसला. चौथ्या खेपेला पोलिसांनी पकडून आणलेल्या माणसासारखा. नवव्या खेपेला शेजारच्या बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी खाली पाहिलं आणि कमरेत वाकून म्हणाल्या, "दमून आलात हो."

"हो, आत्ताच येतोय," काड्या सांभाळत कोगुरे म्हणाला.

"काळजी घ्या."

एकतिसाव्या खेपेला ते जमलं. उंबऱ्याशी धड थांबलं. एक सुस्कारा. मिश्या खाली. मग पंख्याला पंखा घासून एक बूट निघाला, दुसरा निघाला, आणि वळून, सुळ्यांनी हळूच ढकलत, त्याने दोन्ही बूट दाराकडे तोंड करून शेजारी शेजारी लावले. उद्या पुन्हा जायचंय म्हणून. कोगुरेने चित्रण पाहिलं आणि त्याला स्वतःबद्दल आदर वाटला. हा अनुभव नवीन होता, म्हणून त्याने तो तीनदा घेतला.

बूट आले कुठून, हे सांगायला हवं. ते कोगुरेचेच होते. व्हरांड्यात जायचं म्हणून त्याने ते घातले होते आणि बॅगेच्या खालच्या फटीतून बाहेर काढले होते. घराबाहेर पडताना बूट घालायचे, आत येताना काढायचे, हे काही तो ठरवून करत नव्हता. जन्मल्यापासून कोणीच ते ठरवून केलेलं नाही.

चित्रं वर गेली. ओनुकीसाननी ती हाताने फडफडवून पाहिली. चघळणं थांबलं. स्टुडिओत त्यांचं चघळणं शेवटचं थांबलं होतं ते भूकंपात.

"सुळ्यांनी बूट सरळ करतो हा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. "हाच तो माणूस."

योनेयामासाननी चित्रांवर दुरुस्तीचा पिवळा कागद लावला, आणि त्यावर डावा बूट दोन मिलिमीटर आत घेतला. खाली शेरा: 'असे फेंगडे बूट कोण ठेवतं?' मग स्वतःच आधीचं बरं वाटून तो पिवळा कागद काढून टाकला. रंगविभागातून बुटांचा रंग विचारायला फोन आला. काळा ठरला, कारण वॉर्ड ऑफिस. अशा रीतीने वालरसाचे बूट सहा अनुभवी माणसांच्या डोळ्यांखालून गेले.

शुक्रवारी सगळे शॉट एकापुढे एक जोडून मोठ्या पडद्यावर पाहिले. सहाशे अकरामध्ये बाबा वालरस संध्याकाळच्या रस्त्यावरून घरी सरपटत येतात, ओले पंखे डांबरावर फटक फटक आपटत. सहाशे बारामध्ये दारात बूट काढतात. खोलीत नाकं ओढल्याचे आवाज आले. योनेयामासान तर रुमाल शोधायला बाहेरच गेले. कोगुरेलाही रडू आलं, स्वतःच्याच कामावर, पहिल्या रांगेत बसून.

निघताना सगळे दाराशी आले. खाली चौदा जोड बूट, सगळ्यांची तोंडं बाहेर. कोगुरे आपले घालायला वाकला आणि तिथेच अडकला. ना वाकलेला, ना उभा.

वालरसाने बूट घातले कधी?

"कंबर धरली का?" मागून कोणीतरी विचारलं.

"हो," कोगुरे म्हणाला. ते सोपं होतं.

शनिवार-रविवार त्याने प्रामाणिकपणाला सुट्टी दिली. शनिवारी कार्डंही आली, छान छपाई. कोणाच्याच लक्षात आलेलं नाही, त्याने स्वतःची समजूत काढली. प्रेक्षकही दारात बूट काढणारेच असणार. सोमवारी फळ्यावर नाव लागेल. आपण मुख्य चित्रकार होऊ, आणि मुख्य चित्रकाराला मधलं काय होतं याच्याशी कर्तव्य नसतं.

इथेच घोळ झाला. रविवारी दुपारी, निव्वळ सवयीने, तो सहाशे अकराचं शेवटचं चित्र आणि सहाशे बाराचं पहिलं चित्र खालून उजेड येणाऱ्या काचेवर एकावर एक ठेवून मधलं चित्र काढायला बसला. इकडे पंखे, तिकडे बूट. पाच वर्षांत त्याने शिंकेच्या मधलं चित्र काढलं होतं, जांभईच्या मधलं काढलं होतं, लग्नाला नकार देणाऱ्या मुलीच्या 'हो' आणि 'नको'च्या मधलं काढलं होतं. हे निघेना. पाच वाजेपर्यंत तो बसला, आणि कागदावर एक वल्हं उमटलं, ज्याला नाडी होती.

सोमवारी सकाळी त्याने आधी फुवाला गाठलं. फुवा ही चोवीस वर्षांची मुलगी गाडीतून सगळ्यांकडची चित्रं गोळा करून आणायची. त्यामुळे चित्रकारांच्या थापा तिला पाठ होत्या.

"फुवा, एक विचारतो. बाबा बूट काढतात ना सहाशे बारामध्ये?"

"हो. मी रडले."

"पण त्यांनी बूट घातलेलेच नाहीत."

"काढल्यावर कसे असतील?"

"त्याआधी. रस्त्यावर. त्यांच्या पायात बूट नाहीत."

"मग घरात बूट घालून येऊ देत की काय, कोगुरेसान? घर आहे ते!"

"अगं, त्यांना पायच नाहीत!"

फुवाने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "तुम्ही जेवला नाहीत का?"

त्याने दोन्ही चित्रं तिच्यासमोर धरली. इकडे पंखे, तिकडे बूट. फुवाने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा ती जी किंचाळली ती खाली लॉन्ड्रीतही ऐकू गेली. तिथून कोणीतरी वर येऊन शर्ट जळला का म्हणून विचारून गेलं.

दहा वाजता बैठक बसली. ओनुकीसान, योनेयामासान, फुवा आणि आरोपी.

"सोपं आहे," फुवा म्हणाली. "बूट खोडा. बाबा नुसते आत येतील."

"रस्त्यावरून सरपटत आलेलं पोट घेऊन?" योनेयामासान पांढरेफटक पडले. "चटईवर?"

"पुसून घेतील."

"कशाने? कोण? हात कुठे पोचतात त्यांचे?"

"बायको पुसेल ओल्या फडक्याने."

"मग तिला कळलं ना नवरा वालरस झालाय ते! ते तिला पंधरा मिनिटांनी कळायचंय."

"दाराशी पायपुसणं ठेवू. मोठं. बाबा त्यावर लोळतील."

"सात सेकंदांत?"

पाऊण तास वालरसाला पुसण्यात गेला. चित्रपटात माणसाचा वालरस झाला यावर कोणाची काही तक्रार नव्हती. तो धुळीच्या पोटाने घरात येतो हे मात्र कोणाला सहन होईना.  कोगुरे बोललाच तर एवढंच, "चूक माझी आहे, शॉट काढून टाका." त्याला वाटलं हे फार उमदं झालं. कोणी ऐकलं नाही.

शेवटी ओनुकीसाननी चघळणं थांबवलं. 

"शॉटला हात लावायचा नाही. चित्रपटात तेवढाच एक खरा आहे. आणि मला सांगा, सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस अनवाणी ऑफिसला जाईल?"

"जाणार नाही," योनेयामासान लगेच म्हणाले.

"मग बाकीचे शॉट चुकलेत. बूट घाला त्याला. किती आहेत?"

फुवाने वही उघडली. "पंखे दिसणारे दोनशे सतरा."

चौघंही क्षणभर त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग तिघांनी कोगुरेकडे पाहिलं.

"वालरस बूट घालून कसा चालतो, हे जपानात एकाच माणसाने करून पाहिलंय," ओनुकीसान म्हणाल्या.

"पण ओनुकीसान, ते तर मधलं काम. सगळी मधली चित्रं."

"हो ना. आणि मुख्य चित्रकाराला मधल्या चित्रांना बसवायचं नाही हा मीच केलेला नियम आहे. म्हणजे तुला मुख्य चित्रकार करताच येत नाही. वाईट वाटतंय मला." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, शेवाळ हातातच राहिलं होतं. "काम तू पहिल्या प्रतीचं केलंयस. जरा वाईट केलं असतंस तर शॉट काढून टाकता आला असता."

"पुढच्या चित्रपटात तरी?"

"पुढच्यात नक्की. बुटांचं काम नसलं तर."

कोगुरेने कार्डांवरचे दोन शब्द पांढऱ्या रंगाने झाकले, पन्नास वेळा, आणि त्या पांढऱ्यावर एक छोटा बूट काढला. नातेवाइकांना वाटलं, स्वतःचं दुकान काढलं. मामाने पायाचं माप कळवलं, साडेसव्वीस सेंटिमीटर. दोनशे सतरा शॉटना साडेचार महिने लागले. बूट घातलेला वालरस चालायला लागला की टाच सुटते, हे त्याला छत्तिसाव्या शॉटला कळलं आणि मागचे पस्तीस त्याने पुन्हा केले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यावर तो स्वतःच स्वतःला दिवसभर शिव्या देत होता.

एप्रिलमध्ये ओनुकीसाननी पुढच्या चित्रपटाची गोष्ट सांगायला सगळ्यांना वर बोलावलं. ती एका गोमेच्या कुटुंबाची होती. एकत्र कुटुंब. रोज संध्याकाळी सगळे बाहेरून घरी येतात, असं सुरुवातीचं दृश्य. सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला. योनेयामासान रुमाल शोधायला बाहेर गेले. खोलीत उरलेल्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या.

कोगुरेने त्याच दुपारी अर्ज लिहिला आणि दोन प्रतींत दाखल केला.

प्रति,
मा. दिग्दर्शिका

विषय: गोम कुटुंबास घरात बूट घालून वावरण्याची विशेष परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, नियोजित चित्रपटातील गोम कुटुंबात आजी-आजोबांसह एकूण सात सदस्य असून प्रत्येकास बेचाळीस पाय आहेत. सदर कुटुंब दिवसातून किमान एकदा घराबाहेर पडते व परत येते. अर्जदार मुख्य चित्रकारपदासाठी पात्र ठरला असून त्याच्या नेमणुकीत बूट या बाबीखेरीज अन्य कोणताही अडसर नाही. तरी सदर कुटुंबास, केवळ या चित्रपटापुरते व पुढे पायंडा पडणार नाही या अटीवर, दारात बूट न काढता थेट घरात, चटईवर व आवश्यकता भासल्यास अंथरुणातही प्रवेश देण्यात यावा, ही नम्र विनंती.