पंधरा मिनिटांचं पाणी

"पप्पा, हात खिशातून काढा. आणि 'माफ करा'ने सुरुवात नको. तुम्ही काय चोरी केली का?"

कल्पिता स्वयंपाकघराच्या दारात मोबाइलवर वेळ लावून बसली होती आणि महिपत फ्रिजला पाठ टेकून भाषण म्हणत होता. चोरीचं नाव निघताच तो अडखळला. पोरीला वाटलं, सभेची भीती. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

महिपत पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढी उंच चावी आत सोडायची आणि कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी द्यायचं, कधी बंद करायचं, ते आटे मोजून करायचं. वागळे इस्टेटच्या मागच्या डोंगरउतारावर एकोणीस वर्षं त्याने हेच केलं होतं. बोलायचं काम त्याला कधी पडलंच नाही. लोक बोलायचे, पाणी आलं नाही की जरा जास्तच बोलायचे, आणि तो खाली मान घालून ऐकायचा.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. उताराच्या पायथ्याला गिरिजा हाइट्स, चौसष्ट घरांची सोसायटी. वर डोंगराला चिकटलेली गणू पाटील चाळ, अडतीस खोल्यांची. सोसायटीला साडेपाच ते सहा चाळीस पाणी, मग चाळीला पस्तीस मिनिटं. शेवटच्या सात खोल्यांपर्यंत पाणी चढतंय न चढतंय तोच बंद करायची वेळ यायची. सोसायटीने पंधरा मिनिटं सोडली तर त्या सात नळांना धार लागणार होती. साहेब म्हणाले, सोसायटीची लेखी संमती आण, वेळापत्रक लगेच बदलतो. आणि हे त्यांनी सांगितलं कोणाला, तर अख्ख्या खात्यात ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही त्याला.

कल्पिता कॉलेजात जाहिरातीचा अभ्यास करायची, वक्तृत्वाच्या दोन ढाली तिने घरी आणल्या होत्या. लोकांना आपलंसं कसं करायचं हे ग्रीक लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, असं तिने बापाला ऐकवलं. लोगोस, पेथोस, एथोस. महिपतचा चेहरा बघून तिने त्याचं मराठी करून दिलं: पुरावा, पाझर आणि पत. आधी आकडे द्यायचे, मग काळजाला हात घालायचा, आणि शेवटी सांगायचं की बोलणारा माणूस कोण आहे. शेवटचं वाक्य तिने स्वतः लिहिलं होतं आणि त्यावर ती बेहद्द खूश होती. 'एकोणीस वर्षांत मी एका मिनिटाचाही फेरफार केलेला नाही.'

"हे बोलून दोन सेकंद थांबायचं. काम झालंच समजा," ती म्हणाली.

महिपतने मान डोलावली. ते वाक्य खोटं होतं, हे लेकीला सांगायचा त्याला धीर झाला नाही.

रविवारी अकरा वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी प्रीतम दळवींनी पेंटिंगचा विषय संपवला, घड्याळ बघितलं आणि पाच मिनिटांत आटपायला सांगितलं. महिपतने कागद उघडला. सोसायटीची टाकी किती लिटरची, पाऊण तासात ती कुठवर भरते, हे तो वाचत गेला. तिसऱ्या आकड्याला मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं की आकडे काय, कसेही फिरवता येतात. मग तो पाझराकडे वळला. चाळीतल्या शेवटच्या खोलीबाहेर सकाळी रिकामे हंडे लावून बसलेल्या शकूमावशींचा फोटो त्याने मोबाइलवर दाखवला. दळवींनी तो न बघताच सांगितलं की दया आम्हालाही येते, पण उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर लागला तर पैसे कोण देणार?

आता कागदावर एकच वाक्य उरलं होतं. महिपतने कागदाची घडी घातली.

"एकोणीस वर्षांत मी..." तो म्हणाला आणि थांबला. दोन सेकंद झाले, चार झाले, मग माणसं खुर्चीत चुळबुळू लागली.

"मी एकदा केलाय फेरफार," तो म्हणाला. "गेल्या गुरुवारी. सहा पंचवीसला तुमचं पाणी बंद केलं. वर शकूमावशींच्या नातवाचं बारसं होतं. पाहुणे यायचे होते आणि घरात हंडाभर पाणी नव्हतं. त्या काय बोलल्या नाहीत हां. माझं मीच केलं. ते मला बरं नाय वाटलं. म्हणून आज विचारायला आलेलो."

सगळे एकदम बोलायला लागले. दळवी उभेच राहिले.

"म्हणजे आमचं पाणी चोरलंत तुम्ही."

"चोरलंच म्हणा, साहेब."

तक्रार करा, निलंबित करा, यांच्या भरवशावर राहायचं का, असा गलका सुरू झाला. नोकरी तर गेलीच, वर त्या सात घरांचं पाणीही आपणच घालवलं, असं महिपतला वाटलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या मृणालताईंनी हात वर केला. तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, त्यांनी हात वर केला की लोक अजूनही गप्प व्हायचे.

"गुरुवारी कोणाकडे पाणी कमी पडलं?" त्यांनी विचारलं.

सगळे गुरुवार आठवू लागले आणि कोणालाही काही आठवेना. मागून एकजण हळूच म्हणाला की त्याने तर त्या दिवशी गाडी धुतली होती.

"मुद्दा तो नाही," दळवी म्हणाले. "उद्या यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा मुद्दा आहे."

"अहो दळवी, हे बोलले नसते तर आपल्याला जन्मात कळलं नसतं," मृणालताई म्हणाल्या. "चावी रोज यांच्याच हातात असते. याहून विश्वासाचा माणूस आणखी कुठून आणणार आहात?"

मग हात मोजले. एक महिना करून बघू, असं ठरलं. दळवी कायद्याचे पक्के. त्यांनी दोन पत्रं टाइप केली, एक संमतीचं आणि एक तक्रारीचं, आणि दोन्ही महिपतच्या हातात दिली. सोमवारी महिपतने दोन्ही नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. वेळापत्रक बदललं आणि महिपतला मेमो मिळाला. एकोणीस वर्षांतला पहिला. त्याने खाली सही केली. लागलं ते त्याला, लागणारच.

संध्याकाळी कल्पिताने तो मेमो दोनदा वाचला.

"शेवटचं वाक्य बदललंत तुम्ही."

"पाठच होईना गं," महिपत म्हणाला. ती उठली आणि बापाला गरम गरम भाकरी वाढली.

एक तारखेला सकाळी दळवी स्वतः रस्त्यावर हजर. पायात बूट, हातात मोबाइल. पाणी सहा चोवीसला बंद होत नाही, सव्वीसलाही नाही, हे बघायला आले होते. सहा पंचवीसला महिपतने सोसायटीचा व्हॉल्व्ह बंद केला, चाळीचा उघडला आणि आटे मोजून चावी बाहेर काढली.

"बघू तरी, जातं कुठे आमचं पाणी," दळवी म्हणाले आणि त्याच्या मागोमाग पायऱ्या चढू लागले. शंभराच्या वर पायऱ्या होत्या. अर्ध्यावर त्यांचं बोलणं थांबलं, वर पोचेपर्यंत तोंडाला कोरड पडली.

शेवटच्या खोलीबाहेर शकूमावशींच्या नळाला बोटभर धार होती. दोन हंडे भरून झाले होते, तिसरा लावला होता. महिपतबरोबर कोण आलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि महिपतने सांगितलंही नाही. धापा टाकणारा माणूस बघून त्यांनी पेला विसळला, धारेखाली धरला, पदराने बाहेरून पुसला आणि पुढे केला.

"घ्या भाऊ. चढून दमलात."

घरी दोन फिल्टरचं पाणी पिणारे दळवी क्षणभर पेल्याकडे बघत राहिले. मग एका दमात प्यायले आणि रिकामा पेला तसाच हातात धरून उभे राहिले.

"आणखी देऊ?" शकूमावशींनी विचारलं. "आज भरपूर आहे."