मळवलीच्या नावाने

इरावतीला माणसांशी गोड बोलता येतं, असं तिच्या ऑफिसात सगळे म्हणत. लोणावळ्यातलं हे ऑफिस मुंबईकरांचे रिकामे बंगले सांभाळायचं. फाटकं, कॅमेरे, पाण्याच्या मोटरी, सगळ्यावर लक्ष. प्रत्येक बंगल्यात एक लहानसा सर्व्हर बसवलेला. कुठे काही बिघडलं, फाटक तासभर उघडं राहिलं, की तो नोंद करून ऑफिसातल्या मुख्य सर्व्हरकडे पाठवायचा. भांड्यावर नाव घालावं तसा प्रत्येक नोंदीवर बंगल्याचा टॅग, म्हणजे नोंद कुठली ते कळावं. ही सगळी जोडणी इरावतीची. आपल्या या कामाचा तिला अभिमानही फार.

पहिला सर्व्हर तिने मळवलीच्या बंगल्यात बसवला. पवनानगरच्या बंगल्याची पाळी आली, तेव्हा पुन्हा कोण लिहीत बसतो म्हणून मळवलीच्या सर्व्हरची सेटिंगची फाइल जशीच्या तशी तिकडे चिकटवली. टॅग बदलायचा राहिला. तेवढंच. पावसाळा सरता सरता पडद्यावर नोंदी यायला लागल्या : मळवली, फाटक उघडं. दोन दिवस गेले की पुन्हा : मळवली, फाटक उघडं. पवनानगरकडून मात्र ब्र निघत नव्हता. तिकडे सगळं आलबेल आहे, असं इरावती बैठकीत बेधडक सांगायची.

मळवलीच्या बंगल्याची राखण गावातल्या गेणूआबांकडे होती. मालक फोनवर तापले. म्हातारा पैसे घेऊन परक्यांना बंगला उघडून देतो, असा त्यांचा संशय. आबा एकच सांगत होते, "न्हाई ताई, म्या कडी लावल्याबिगर हलत न्हाई."

तेव्हा इरावती मध्ये पडली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "आबा लबाड नाहीत हो," ती मालकांना म्हणाली, "वय झालंय, विसरत असतील." मग मळवलीला जाऊन आबांपुढे लॅपटॉप धरला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तेच समजावलं. आबा बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. "असंल मंग," म्हणाले आणि किल्ल्या काढून दिल्या. एका गरिबाला आपण लबाडीच्या आळातून सोडवलं, या समाधानात इरावती त्या संध्याकाळी घरी गेली.

दिवाळीनंतर मळवलीच्या त्या बंगल्यात वायरिंगचं काम निघालं. वीज बंद केली, सर्व्हर काढून ऑफिसात आणला आणि खोक्यात घालून इरावतीच्या टेबलाखाली ठेवला. दुपारी पडद्यावर ओळ उमटली : मळवली, फाटक उघडं.

इरावतीने वाकून खोक्याकडे पाहिलं. वायर कशालाच जोडलेली नव्हती. मग तिने पवनानगरची फाइल उघडली, आणि वरच टॅग दिसला, मळवलीचा. चौकशी केली तर पवनानगरच्या फाटकावरचा सेन्सर सैल झालेला. वारा सुटला की तो फाटक उघडल्याची आवई उठवायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. टॅग दुरुस्त करायला मिनिटही लागलं नाही. आबांवर संशय मालकांनी घेतला होता. 'विसरत असतील' हे मात्र तिने स्वतःच्या तोंडाने, आणि वर दया म्हणून सांगितलं होतं. त्या दयेचीच तिला जास्त लाज वाटली.

तिने ऑफिस चालवणाऱ्या रजनीताईंना सगळं सांगितलं. ताईंनी मालकांना फोन लावला. "परत घ्यायला तयार आहेत ते," फोन ठेवत ताई म्हणाल्या. "पण आबांना सांगायला तूच जायचंस."

आबा ओट्यावर बसले होते. इरावती त्यांच्यासमोर खाली बसली.

"आबा, फाटक तुम्ही कधीच उघडं टाकलं नव्हतं. दुसऱ्या बंगल्याच्या नोंदी तुमच्या बंगल्याच्या नावाने येत होत्या. चूक माझी आहे. मला माफ करा."

आबा हसले. "ऱ्हाऊ द्या वो ताई. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हून बोलताय."

"नाही आबा, खरंच सांगतेय. मालकांनी परत बोलावलंय तुम्हाला."

"नगं. त्यांचं नुसकान व्हईल. मला आठवतंय की, कडी न लावताच गेलतो. डोळ्याम्होरं दिसतंय समदं."

आबांची बायको, शालूबाई, दारात उभी होती. "आदी असलं कायबी न्हवतं," ती म्हणाली. "तुमी सांगून गेलात, तवापास्नं रस्त्यातनं माघारी येत्यात, दार लावलं का बघाया. गॅसला हात लावत न्हाईत. खाचरं भाच्याला वाट्यानं देऊन टाकली. म्हनं, पानी सोडून इसरलो तर बांध फुटंल. तवा तुमचं लगीच खरं मानलं, मंग आता का वो मानत न्हाईत?"

इरावतीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने घाईघाईने बॅगेतून लॅपटॉप काढला. तो बघताच आबांनी अंग चोरलं आणि दोन्ही हात पुढे केले. "ते नगं, ताई. एकदा बघितलंय." तिने तो उघडलाच नाही. तसाच बॅगेत परत घातला.

तिचा चेहरा बघून आबांनाच वाईट वाटलं. "शालू, ताईंला च्या टाक," ते म्हणाले. शालूबाई आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मग आबा इरावतीकडे सरकले आणि शालूबाईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले,

"ताई, म्या आत्ता च्या सांगितला न्हवं? का नुसतं मनातच आलं?"

"सांगितलात, आबा. आत्ताच सांगितलात. मी ऐकलं ना."

आबांनी समजुतीने मान हलवली, आणि शालूबाईला विचारायला उठून आत गेले.