उजेड न सांडणारा टॅबलेट

बाई विंगेत असताना आजवर एकही नट अडला नव्हता, आणि ही गोष्ट त्या आपणहून कुणाला सांगत नसत. विचारलं तरच सांगत. फक्त समोरच्यानं विचारावं अशी वेळ त्या बरोबर आणत.

नाटक मंडळीत त्यांना सगळे बाईच म्हणायचे. काम प्रॉम्प्टरचं. रंगमंचाच्या कडेला पडद्याआड खुर्ची टाकून बसायचं, मांडीवर संहिता ठेवायची, आणि नटाला पुढचं वाक्य आठवेना की त्याच्यापुरतं ऐकू जाईल इतक्याच आवाजात ते द्यायचं. पहिल्या रांगेला ऐकू गेलं तर ते प्रॉम्प्टिंग नव्हे, ती बोंब, असं बाईंचं मत होतं आणि ते बदलायची कुणाची छाती नव्हती.

अडचण आली ती डोळ्यांची. चष्म्याचा नंबर वाढत गेला तसा मांडीवरचा टॉर्चही वाढत गेला. आधी पेनाएवढा होता, आता तो रात्रपाळीच्या चौकीदाराला शोभला असता. त्यात नव्या नाटकाचा दुसरा अंक जवळजवळ काळोखात होता. टेबलावर एक मिणमिणता दिवा आणि त्या दिव्यापाशी बसलेला म्हातारा, एवढंच प्रेक्षकांना दिसायला हवं होतं. तालमीच्या वेळी दिग्दर्शक शेवटच्या रांगेत जाऊन बसला आणि तिथून ओरडला, "बाई, त्या दिव्यापेक्षा तुमची विंग जास्त उजळलीय! लोकांना वाटेल, तिकडे दुसरं नाटक चालू आहे."

सगळे हसले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण माणूस खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. दिग्दर्शक वयानं लहान, पण कामाला चोख, आणि उगाच कुणाचा पाणउतारा करणाऱ्यांतला नव्हता. तो जवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाला, "थोरल्यांच्या कानात छोटा इअरफोन बसवू या. माझा सहायक मागच्या खोलीतून वाचेल. तुम्ही समोर बसा आणि आरामात नाटक बघा."

थोरले म्हणजे मंडळीतले मुख्य नट. तरुणपणापासून आजोबांच्या भूमिका करत आल्यामुळे हे नाव त्यांना चिकटलं होतं, आणि आता वयही नावाला येऊन मिळालं होतं. ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मला कानात काही घालवत नाही हो." पण दिग्दर्शकानं ते ऐकलं नाही.

"आरामात नाटक बघायचं झालं तर मी तिकीट काढीन," बाई म्हणाल्या. "टॉर्च बंद करते. पुढच्या तालमीला बघा."

"आणि तरी उजेड दिसला तर?"

"तर खुर्ची उचला."

बोलून बसल्या खऱ्या. घरी येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की ही खुर्ची गेली तर आपल्याला दुसरी कुठली खुर्ची नाही. वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. पण नट कुठे अडणार, हे तो अडायच्या आधी ज्याला कळतं त्यालाच ती खुर्ची मिळावी, असं त्या मानत आल्या होत्या. आणि डोळ्यांनी दगा दिला म्हणून ती सोडायची? छे!

घरात त्या आणि त्यांची नणंद, अशा दोघीच. यजमान गेल्यावरही नणंद-भावजय एका घरात सुखानं राहतात याचं लोकांना नवल वाटायचं. त्या दोघींनाही वाटायचंच. नणंद टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. बटणं, तारा, दिवे यांच्यात जन्म गेल्यामुळे तिला कुठल्याच यंत्राची भीती वाटत नसे.

"वन्सं, तुमचा तो टॅबलेट मला हवाय," बाई चपला काढता काढता म्हणाल्या.

"कालपर्यंत त्याला पाटी म्हणत होतीस, वहिनी."

"पाटीच आहे. पण दिवा आतून लागतो तिला. आणि तो दिवा मला जवळपास विझवायचाय."

मग घरातल्या लांब बोळाचं थिएटर झालं. सगळी दारं लावली, वरच्या झरोक्यावर चादर ताणली. एका टोकाला बाई टॅबलेट घेऊन विंगेत बसल्या, दुसऱ्या टोकाला नणंद प्रेक्षक म्हणून पाटावर. भर दुपारी बोळात गच्च काळोख झाला.

"दिसतंय," प्रेक्षक म्हणाला. "तुझी हनुवटी दिसतेय. नुसतीच हनुवटी, अधांतरी."

"सगळ्यात कमीवर ठेवलंय हो!"

"याचं सगळ्यात कमी म्हणजे दुकानदाराची शेवटची किंमत. त्याच्याही खाली जाता येतं, फक्त मागावं लागतं." नणंद उठून आली आणि सेटिंग्जच्या आतल्या पानांत शिरली. ज्यांना नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी केलेल्या एका पानावर पडदा आणखी मंद करायची सोय सापडली. हनुवटी गेली. मग पान काळं आणि अक्षरं पांढरी केली. आता उजेड पुरेसा कमी झाला, पण अक्षरं बारीक. नेहमीच्या ठिकाणी जेवढी मोठी होत होती तेवढी करून झाली, तरी बाईंना ती मुंग्यांची रांग वाटत होती.

"आणखी एक दार आहे," नणंद म्हणाली, "पण ते दारासारखं दिसत नाही." टॅबलेटची माहिती लिहिलेल्या पानावर तळाशी एक नंबर होता. त्यावर ती बोटानं टकटक करत राहिली. चार-पाचदा काहीच झालं नाही. बाई म्हणाल्या, "आत कुणी नसेल." तेवढ्यात खाली अक्षरं उमटली: तुम्ही आता डेव्हलपर आहात.

नणंदेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "वाचलंस? मी डेव्हलपर झाले!"

"पगार विचारा आधी."

पण या लपलेल्या पर्यायांत खरोखरच घबाड होतं. पडदा किती रुंद आहे हे टॅबलेटला खोटंच सांगायचं, की तो बिचारा सगळंच मोठं करून दाखवत होता. एका पानावर चारच वाक्यं मावायला लागली, पण ती बाईंना चष्मा नाकावर न सरकवता वाचता आली. संहिता टॅबलेटवर चढवताना बाईंनी तिच्यावर लाल आणि निळ्या खुणा करून घेतल्या होत्या, त्या मात्र काळ्या पानावर पेटल्यासारख्या दिसत होत्या. नणंदेनं सगळा रंगच काढून टाकायची एक सोय शोधली आणि पडदा करडा करून टाकला.

राहिल्या सूचना. वाय-फाय बंद केलं, तशा नणंदेच्या विणकामाच्या गटातल्या बायका गप्प झाल्या. पण यंत्राला स्वतःच्याच कुरबुरी काय कमी असतात? बॅटरी उतरली, जागा भरली, अपडेट राहिलं. अशी एक कुरबूर आली की वरून पांढरी पट्टी झळकन उतरायची आणि हनुवटी परत हजर. नणंदेनं व्यत्यय नको म्हणून सांगायचं पान उघडलं आणि त्याच्याही पोटातलं पान उघडलं. "नुसता आवाज बंद केला तर या सूचना तोंड दाबून हातवारे करतात," ती म्हणाली. "उजळायचंही नाही, वरून डोकवायचंही नाही, असं बजावून सांगावं लागतं." तिनं एकेकीला बजावलं.

शेवटी ती परत पाटावर जाऊन बसली.

"काय हो वन्सं? दिसतंय का?"

"तू आहेस का तिथे?" पलीकडून आवाज आला, आणि बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी उठून टॅबलेटसकट नणंदेला मिठी मारली.

तालमीला दिग्दर्शक शेवटच्या रांगेत बसला, मधल्या रांगेत बसला, कोपऱ्यात बसला. त्याला उजेड दिसला नाही. बाईंची मान जरा ताठ झाली. आणि गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही उगाच नाही.

दुसऱ्या अंकात म्हातारा दिव्याकडे पाहत म्हणतो, "ती गेली तेव्हा मी घरात होतो," आणि थांबतो. लांबलचक थांबतो. नाटकातली सगळ्यात मोठी शांतता ती. मग म्हणतो, "मी दार उघडलं नाही." थोरल्यांनी ती शांतता महिनाभर घासून-पुसून तयार केली होती. बाईंच्या संहितेत अशा मुद्दाम घेतलेल्या थांब्याला लाल खूण असे, म्हणजे गप्प बसा. निळी खूण म्हणजे इथे हा हमखास विसरतो, तयार राहा. करड्या पडद्यावर दोन्ही खुणा सारख्याच राखाडी झाल्या होत्या, आणि उजेड घालवायच्या नादात हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. थोरले थांबले. बाईंना खूण दिसली. त्यांनी वाक्य दिलं.

प्रॉम्प्टरच्या हातून यापेक्षा मोठं पाप होत नाही. विसरलेल्याला शब्द न देणं परवडलं, पण थांबलेल्याच्या शांततेत शब्द टाकणं म्हणजे भरल्या ताटात हात घालणं. थोरल्यांनी सावकाश विंगेकडे मान वळवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बाई, तुम्हीसुद्धा?"

दिग्दर्शक म्हणाला, "इअरफोन मागवून ठेवतो. पहिला प्रयोग तुम्हीच करा, उजेडाची अट तुम्ही पाळलीत. मग ठरवू."

घरी आल्यावर बाई पाणीसुद्धा न पिता बसून राहिल्या. नणंद म्हणाली, "रंग परत आणू या."

"आणि उजेड? तोही परत येईल."

"मग खुणांना आकार देऊ. गोल, चौकोन."

"घाईत गोल काय नि चौकोन काय!" बाई चिडून म्हणाल्या. जरा वेळानं त्याच सावरल्या. "वन्सं, एका पानावर चारच वाक्यं मावतात ना? मग जिथे थांबायचं तिथे पान संपवू. पुढचं वाक्य पुढच्या पानावर. जे डोळ्यांसमोरच नाही ते तोंडातून निसटणार कसं?"

नणंदेनं वहिनीकडे पाहिलं. "डेव्हलपर तू झालीस," ती म्हणाली. दोघींनी मिळून सगळी संहिता पुन्हा मांडली.

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलेलं होतं. नणंद नवी कोरी साडी नेसून सहाव्या रांगेत बसली. बाई विंगेत. पहिला अंक सुरळीत गेला. दोन ठिकाणी शब्द द्यावे लागले, ते दिले, कुणाला पत्ता लागला नाही. दुसरा अंक सुरू झाला, काळोख झाला, टेबलावरचा दिवा उरला.

"ती गेली तेव्हा मी घरात होतो," थोरले म्हणाले, आणि थांबले.

बाईंचं पान संपलं होतं. त्या हात आवरून बसल्या. शांतता लांबत गेली. सभागृहात कुणी खोकलंही नाही. बाईंना वाटलं, वा, आज तालमीपेक्षाही सुंदर थांबले. मग त्यांची नजर थोरल्यांच्या हातावर गेली. थांबलेला माणूस दिव्याकडे बघतो आणि त्याचा हात टेबलावर निवांत पडलेला असतो. थोरल्यांचा अंगठा चारही बोटांवरून फिरत होता, काहीतरी चाचपत होता. इतकी वर्षं त्या हाताकडे पाहिलेल्या बाईंना ते कळलं. थोरले विसरले होते.

की नव्हते विसरले? पुन्हा तीच चूक केली तर आज तालीम नव्हती, समोर भरलेलं थिएटर होतं, आणि खुर्ची तर जाणारच होती. गप्प बसलं तर बाईंना कुणी दोष दिला नसता. पान संपलंय, पान दाखवता आलं असतं. पान उलटायलाही वेळ नव्हता. बाईंनी टॅबलेट पोटाशी धरला, पुढे वाकल्या आणि श्वासाएवढ्या आवाजात एकच शब्द दिला: "दार."

अंगठा थांबला.

"मी दार उघडलं नाही," थोरले म्हणाले, आणि सहाव्या रांगेत नणंदेनं डोळ्याला पदर लावला. तिच्या आसपासच्यांनीही काही ना काही लावलं.

प्रयोग संपल्यावर टाळ्या थांबेनात. पडदा पडला तसा दिग्दर्शक तरातरा विंगेत आला. मागोमाग मंडळी गोळा झाली. त्याचा चेहरा आनंदानं फुललेला, पण आवाज कडक होता.

"बाई, दुसऱ्या अंकात तुम्ही होतात कुठे? मी मुद्दाम कडेच्या खुर्चीत बसलो होतो, तिथून विंग सरळ दिसते. खुर्चीवर कुणीही नव्हतं. उजेड नाही, हालचाल नाही, काही नाही. तुम्हाला राग आला असेल, मान्य. पण प्रयोग चालू असताना जागा सोडून जायचं? थोरल्यांचं पाठांतर पक्कं म्हणून निभावलं!"

इतकं मोठं कौतुक बाईंचं आयुष्यात कुणी केलं नव्हतं, आणि करणाऱ्याला त्याची गंधवार्ता नव्हती. एक वाक्य बोलल्या असत्या की झालं असतं. पण नट कुठे अडला हे विंगेबाहेर बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. खुर्ची गेली तर गेली.

म्हाताऱ्याची खोटी दाढी काढता काढता थोरले मध्येच थबकले. सगळ्या मंडळींकडे त्यांनी एकदा पाहिलं. कोणत्याही नाटकात विसरलो असं त्यांनी आजवर कबूल केलं नव्हतं.

"बाई जागेवर नव्हत्या," ते म्हणाले, "तर मग मला 'दार' कुणी दिलं?"

दिग्दर्शकानं थोरल्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग बाईंच्या मांडीवरच्या काळ्या पाटीकडे, जिच्यावर दोन हातांच्या अंतरावरूनही त्याला काही दिसत नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं हे त्याला कळत होतं, पण शब्द सुचत नव्हता.

बाई किंचित पुढे झुकल्या, आणि त्याच्यापुरतं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उद्या वेळेवर या."

"उद्या वेळेवर या, बाई," दिग्दर्शक मोठ्यानं म्हणाला.