तुलनेचा वर्ग

जयराम गुरुजींनी लग्नपत्रिकेचा कोरा भाग पाटावर धरला, ब्लेडने त्याची पट्टी कापली आणि तिच्यावर बोरूने ठळक अक्षरांत ‘कांदा’ असं लिहिलं. शाई वाळायला पट्टी बाजूला ठेवून त्यांनी पुढची पत्रिका उचलली. रविवारची दुपार होती. पुढचं दार लावलेलं होतं आणि एकतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस स्वतःच्याच घरात चोरासारखा बसला होता.

आक्काबाई चहाचा कप घेऊन आतून आल्या आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"दार लावून काय चाललंय? पत्ते कुटताय का काय?"

"शाळेचं काम आहे."

"शाळेच्या कामाला आजवर कधी दार लावलं नव्हतं तुम्ही."

गुरुजींनी कप घेतला आणि ओल्या पट्ट्या चहापासून लांब सरकवल्या.

दार लावण्यासारखंच ते काम होतं. दिवाळीची सुट्टी संपली आणि नाशिकहून यशोधरा गांगुर्डे नावाच्या बाई शाळेत आल्या. अध्यापक विद्यालयात शिकवायच्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. नाशकात द्वारका चौकात एसटी धरायची, सायखेड्याच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून दोन मैल चालत यायचं, असा त्यांचा प्रवास. मुलांना वाचायला कसं शिकवावं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. अक्षरं घोकून घ्यायची नाहीत. पोराच्या घरातला, शेतातला एखादा शब्द उचलायचा, तो पट्टीवर लिहून अख्खा वाचायचा, मग त्याची अक्षरं सुटी करून त्यांतून नवे शब्द जुळवायचे. दुसरीच्या दोन तुकड्या होत्या आणि दोन्हीकडे निम्म्या पोरांना धड वाचता येत नव्हतं. अ तुकडीला निवृत्ती सर या नव्या रीतीने शिकवणार होते, ब तुकडीला जयराम गुरुजी जुन्या. मार्चअखेर दोघांची एकच परीक्षा. नव्या रीतीने फरक पडलेला दिसला, तर जिल्हा परिषद जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना पट्ट्यांचे संच देणार होती. नाही दिसला, तर फाइल बंद.

"गुरुजी, तुमचा तुलनेचा वर्ग," बाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही वेगळं काहीच करायचं नाही. नेहमीसारखं शिकवा. फक्त पलीकडचं अलीकडे येऊ देऊ नका. एवढा शब्द द्या मला."

तुलनेचा वर्ग म्हणजे मागे राहण्यासाठी ठेवलेला वर्ग, हे समजायला काही पदवी लागत नव्हती. गुरुजींना ते लागलं. पण बाई पुढे स्वतःचंच सांगू लागल्या. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये कामगार, पोरीला शिकवायची त्यांना भारी हौस, आणि पोरीला चौथीपर्यंत वाचता येत नव्हतं.

"मी मठ्ठ आहे, असंच मला वाटायचं," बाई म्हणाल्या. "मारही पुष्कळ खाल्ला."

हे सांगताना त्या हसल्या नाहीत. गुरुजींनी शब्द दिला.

पहिला आठवडा त्यांनी तो पाळलाही. पण दोन तुकड्यांच्या मधे होतं काय, तर बांबूच्या तट्ट्याचा आडोसा. पलीकडे पोरं पट्ट्यांवरून भांडायची, हसायची, एकदम ओरडून वाचायची. अलीकडे ग, म, भ, न. ब तुकडीतले अडतीस जीव तोंडाने घोकायचे आणि कान तट्ट्याला लावून बसायचे. गुरुजी खडू आपटायचे आणि त्यांचंही लक्ष पलीकडेच असायचं.

आठवडा संपता संपता चतुराबाई शाळेत आली. कडेवर लहानगं पोर, आणि पदर धरून मागे उभी असलेली बायडी. बायडी दुसरीत दुसऱ्यांदा बसलेली.

"गुरुजी, हिला त्या तुकडीत टाका ना. तिकडची पोरं वाचाया लागली म्हने."

"तसं करता येत नाही, चतुराबाई. नावं लिहून नाशिकला गेली आहेत."

"मंग हिचं काय करू? हिचा बाप म्हनतो, यंदा वाचाया आलं नाय तर ठेवू घरीच, ल्हान्याला सांभाळील. मला नाय वाटत तसं. पन मी कशाच्या जोरावर बोलू?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. खरंच विचारत होती. गुरुजी ‘बघतो’ म्हणाले. काय बघणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सोमवारी त्यांनी पाढे म्हणून घेतले, हजेरी घेतली आणि बायडीला उभं केलं.

"घरी काय चाललंय आज?"

"कांदं लावत्यात."

गुरुजींनी फळ्यावर ‘कांदा’ लिहिलं. आठवडाभर कान लावून बसलेल्या पोरांना पुढचं काही सांगावंच लागलं नाही. बायडीने तो शब्द वाचला, पुसला, स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला. मग ‘काका’, मग ‘दादा’. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही. गुरुजींचा जीव असा काही मोठा झाला, की दिलेल्या शब्दाची आठवण त्यांना थेट घरी जाऊन चप्पल काढताना झाली. आठवडाभर फळ्यावर भागवलं. मग फळा पुरेना, आणि त्या रविवारी ते दार लावून पट्ट्या कापायला बसले.

पुढचे तीन महिने हे असंच चाललं. बाई एक शनिवार सोडून यायच्या. त्या फाटकात दिसल्या की पट्ट्या पेटीत जायच्या आणि अडतीस पोरं ‘ग, म, भ, न’ असा काही सूर लावायची, की जणू जन्मात दुसरं काही ऐकलेलंच नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजी लपवतात, म्हणजे आपणही लपवायचं, हे त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. आपण वाचनाबरोबर यांना लबाडीही शिकवतो आहोत, हे गुरुजींना कळत होतं. शनिवारी त्यांना जेवण जायचं नाही. सोमवारी मात्र ते पुन्हा पट्ट्या काढायचे.

मार्चच्या शेवटी परीक्षा झाली. बाईंनी एकेका मुलाला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावून स्वतः वाचून घेतलं. बायडी बाहेर आली ती सरळ गुरुजींसमोर येऊन उभी राहिली.

"समदं वाचलं. एक जोडाक्षर राह्यलं."

"कुठलं?"

तिने जमिनीवर बोटाने ‘श्व’ काढून दाखवलं. गुरुजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

निकाल घेऊन बाई आठवड्याने आल्या. मुख्याध्यापक धोंडीराम गुरुजींनी दोघा शिक्षकांना खोलीत बोलावलं. बाईंनी कागद टेबलावर सरळ केला.

"अ तुकडीची सरासरी पन्नासपैकी एकतीस. ब तुकडीची तीस." बाईंनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. "फरक नाही."

"म्हणजे जुनं ते काही वाईट नव्हतं!" धोंडीराम गुरुजी खुशीत खुर्चीवर सरसावून बसले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो. जयराम गुरुजी, कमाल केलीत तुम्ही. विस्तार अधिकाऱ्यांशी मी आजच बोलतो. आदर्श शिक्षक म्हणून यंदा तालुक्यातून तुमचं नाव पाठवायला लावतो."

जयराम गुरुजींना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. एकतीस वर्षांत पाठीवर कुणी हात ठेवला नव्हता. बदल्या झाल्या, जनगणना झाली, निवडणुकांच्या पेट्या वाहून झाल्या, पण तुम्ही शिकवता चांगलं, हे कुणी म्हटलं नव्हतं. शेजारी निवृत्ती सर खाली मान घालून बसले होते. त्यांच्याकडे बघायचं गुरुजींनी टाळलं.

बाई कागद गोळा करू लागल्या.

"पद्धतीत दम नाही, असंच म्हणायला हवं आता. मी अहवालात तसं लिहिते." मग त्या गुरुजींकडे वळल्या. "मी उगाच पट्ट्या कापत बसले, गुरुजी. तुमच्या वर्गात बसून शिकायला हवं होतं मी. लहानपणी मला तुमच्यासारखं कुणी भेटलं नाही."

त्यांनी नमस्कार केला आणि त्या निघाल्या. गुरुजी उठून वर्गात आले. पोरं गप्प होऊन त्यांच्याकडे बघू लागली. गुरुजी खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. खिडकीतून बाई दिसत होत्या; फाटकाबाहेर पडून त्या द्राक्षाच्या मळ्यांमधल्या रस्त्याला लागल्या होत्या. पोरांना पाढे लिहायला सांगून गुरुजींनी सायकल काढली.

पायडल मारता मारता त्यांनी मनाशी एक वाक्य जुळवलं. बाई, तुम्हीच म्हणालात, नेहमीसारखं शिकवा. शेजारी काही बरं दिसलं की उचलायचं, हीच माझी नेहमीची रीत. वाक्य चांगलं होतं आणि खोटंही नव्हतं. फाट्यावर पोचेपर्यंत त्यांनी ते दोनदा घोळवलं.

बाई एसटीची वाट बघत ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. गुरुजी सायकलवरून उतरले आणि ते वाक्य काही त्यांच्या तोंडून निघेना.

"बाई, माझा वर्ग धरू नका."

"म्हणजे?"

"मी जुनं शिकवलंच नाही. तुमचंच शिकवलं. दुसऱ्या आठवड्यापासून."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"आणि मी यायचे तेव्हा?"

"तेव्हा ग, म, भ, न."

"निवृत्ती सरांना माहीत होतं?"

गुरुजी एक पाऊल पुढे आले.

"त्याला नका बोलू. मी मागितले म्हणून पट्ट्यांचे नमुने दिले त्याने."

रस्त्यावरून उसाची एक बैलगाडी गेली. बाईंनी ती जाऊ दिली आणि त्या गुरुजींच्या समोर आल्या.

"तुम्ही शब्द दिला होता मला."

"दिला होता."

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? माझं वर्ष गेलं, ते जाऊ द्या. जिल्ह्यातल्या सगळ्या पोरांना जूनपासून पट्ट्या मिळाल्या असत्या. आता आणखी एक वर्ष ती घोकत बसणार, मार खाणार. तुमच्या अडतीस पोरांसाठी."

हा विचार गुरुजींनी खरोखरच केला नव्हता. जिल्हा त्यांना कधी दिसलाच नाही. समोर अडतीस होती, तेवढीच दिसत होती. त्यांनी सायकलचं हँडल घट्ट धरलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "अहवालात लिहा तसं."

"तुमचं नाव लिहावं लागेल."

"लिहा. मुख्याध्यापकांना मी आत्ता जाऊन सांगतो. नाव पाठवू नका म्हणून."

बाई पुन्हा कठड्यावर बसल्या. राग उतरला नव्हता, पण त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि कागद काढून ब तुकडीच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली. रेघ मारून झाल्यावर त्या आकड्यांकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या.

"पद्धतीत दम आहे, म्हणजे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"आहे की. म्हणून तर मला राहवलं नाही."

"पुढच्या वर्षी सगळं पुन्हा करायला हवं." त्यांनी वर बघितलं. "तुलनेच्या वर्गावर मला शब्द पाळणारा माणूस हवा. तुमची सगळ्या तालुक्यात ओळख आहे. सांगा एखादं नाव."

गुरुजींना भरपाई करायची होती, म्हणून त्यांनी मनापासून विचार केला. वाल्मीक गुरुजी? तो चार दिवसांत पाघळेल. सायखेड्याच्या तानुबाई? त्या तर पहिल्याच दिवशी पट्ट्या मागतील. बराच वेळ त्यांनी एकेक शाळा डोळ्यांसमोर आणली.

"पुंजा मास्तर पाळील," ते शेवटी म्हणाले. "पण तो कुठल्याच पद्धतीने शिकवत नाही. त्याच्याशी तुलना करून काय कळणार तुम्हाला?"

बाईंना हसू आलं, आणि ते आल्याचा त्यांना रागही आला.

"मग मीच घेते तो वर्ग," त्या म्हणाल्या. "रजा काढते. मीच शिकवते ग, म, भ, न. मला माहीत आहे हे कशासाठी करायचं ते. मी नाही मोडणार."

लांबवर एसटीचा हॉर्न वाजला. बाईंनी कागद पिशवीत घातले आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. गुरुजींनी सायकल वळवून घेतली.

"पहिला आठवडा शब्द पाळून निघतो, बाई," ते म्हणाले. "दुसऱ्यात पोरांची नावं पाठ होतात."